सोलापूर–विजापूर–गुलबर्गा: लोकांची कामं, पार्सलं पोचवायची आहेत, काय काय सांभाळावं?

जुना विजापूर नाका
नमस्कार मंडळी. आठवड्यातून दोन दिवस विजापूर आणि एक दिवस गुलबर्गा, असं लोकांची किरकोळ कामं घेऊन जायचं ठरवतोय. युनिफॉर्मचे नमुने, लूमचे आणि ट्रॅक्टरचे स्पेअर, दवाखान्याचे रिपोर्ट, औषधं, कचेरीतले कागद, असलंच सगळं. मोठ्या कुरिअरला दोन-तीन दिवस लागतात, लोकांना त्याच दिवशी पाहिजे असतं. मोटरसायकल आहे, एसटी आणि रेल्वेही आहे. जीएसटी लागतो का? हद्दीवर अडवलं तर काय दाखवायचं? कुठलं सामान घेऊच नये? आणि दर कसा लावायचा? नुसतं ‘सांभाळून करा’ नको, नीट सविस्तर सांगा की ओ.

कापडगल्ली
आधी कराचं. घरातून उचलून घरी पोचवणं ही कुरिअर सेवा धरली जाते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. पण वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. सेवा दुसऱ्या राज्यात दिली तरी ही सूट टिकते, ती ऑक्टोबर २०१७ पासून आहे.

फसतात ते पुढच्या गोष्टीत. विजापूरच्या गिऱ्हाइकाने फोन केला, तुम्ही सोलापुरात स्वतःच्या नावावर बेअरिंग घेतलं आणि त्याच्याकडून बेअरिंगचे अधिक हेलपाट्याचे पैसे घेतले, तर ती तुमची आंतरराज्य मालविक्री झाली. मालाच्या आंतरराज्य विक्रीला २० लाखांची सूट नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. म्हणून दुकानदाराला सांगायचं, बिल गिऱ्हाइकाच्या नावाने फाडा, त्याचा जीएसटी नंबर असेल तर तो टाका. पैसेही गिऱ्हाइकाने थेट दुकानदाराला यूपीआय करावेत. तुमची पावती फक्त हेलपाट्याची.

ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद: राज्याबाहेर जाणारा माल कर धरून ५०,००० च्या वर असेल तर पाहिजेच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे, त्यामुळे इथल्या व्यापाऱ्यांच्या डोक्यात लाखाचाच आकडा असतो आणि ते ‘काय लागत नाही ओ’ म्हणून माल हातात देतात. दुसरं, युनिफॉर्मवाल्यांचं. कापलेलं कापड शिलाईला इंडीला किंवा विजापूरला पाठवलं, म्हणजे जॉबवर्क, तर किंमत पाच हजार असली तरी ई-वे बिल लागतं आणि सोबत डिलिव्हरी चलन (विक्री नसलेल्या मालाचा कागद) लागतं. शिवलेला माल परत आणतानाही चलन सोबत ठेवा. एकच ऑर्डर ४०-४० हजारांच्या दोन बिलांत तोडून देणाऱ्याचा माल उचलू नका.

ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पहिला, मालाचा, पाठवणारा भरतो. दुसऱ्यात गाडीचा नंबर. एसटीने जाणार असाल तर बसचा नंबर आधी कसा कळणार? त्यासाठी ई-वे बिलाच्या पोर्टलवर पॅन आणि आधार देऊन वाहतूकदार म्हणून नाव घाला, पंधरा अंकी आयडी मिळतो, जीएसटी नोंदणी नसली तरी. पाठवणाऱ्याने तो आयडी टाकला की बसमध्ये बसल्यावर तुम्हीच मोबाइलवरून नंबर भरायचा. बस बदलली, टाकळीला बिघडली, तर नंबरही बदलायचा. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आज दुपारी नंबर भरला तर उद्या रात्री बारापर्यंत. विजापूरला पुरून उरते. गिऱ्हाईक भेटलं नाही म्हणून माल दोन दिवस ठेवून घेतला तर मात्र संपते.

जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाके गेले, पण जीएसटीचं फिरतं पथक रस्त्यात कुठंही थांबवतं. कागद नसेल तर माल अडकतो, सोबत गाडीही. मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट.

होटगी जंक्शन
प्रवासाचं सांगतो. विजापूर रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास. वडकबाळला सीना आणि टाकळीला भीमा, दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात आणि टाकळीचा पूल संपला की धूळखेड, कर्नाटक. पावसाळ्यात उजनी धरणातून भीमेत विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्या दिवशीचं पार्सल घेण्याआधी रस्ता सुरू आहे का, विचारून घ्या.

तिकडच्या बसच्या पाट्या कानडीत असतात. वाचता येत नसेल तर निदान गावांची नावं आणि कानडी आकडे आठवडाभर गिरवा, लई सोपं आहे.

सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस थांबतात. डिसेंबर २०२२ ला झालं, फेब्रुवारी २०२५ ला झालं. अशा वेळी रेल्वे चालू असते. गुलबर्गा मुंबई–चेन्नईच्या मुख्य मार्गावर आहे, सुमारे ११३ किलोमीटर, गाड्या भरपूर. विजापूरला होटगीवरून फाटा आहे, गाड्या मोजक्या. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, म्हणजे गुलबर्ग्याला बसतो. सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरा आणि आरक्षित डब्यात पास चालत नाही.

दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान फुकट, पण ते तुमचं स्वतःचं. विक्रीचा माल प्रवासी सामान म्हणून डब्यात नेता येत नाही, तो पार्सल ऑफिसात बुक करायचा. एका पिशवीत नमुन्याचे दोन युनिफॉर्म असतील तर कुणी विचारत नाही, चादरींचा गठ्ठा असेल तर टीसी विचारणारच.

‘रोड’ नावाच्या स्टेशनांना फसू नका. अक्कलकोट रोड, इंडी रोड, गाणगापूर रोड, तिन्ही स्टेशनं गावापासून दूर. गिऱ्हाईक ‘स्टेशनजवळच आहे’ म्हणालं तर कुठल्या स्टेशनजवळ, ते विचारा, नाहीतर रिक्षाच्या भाड्यातच तुमची मजुरी जाते.

पत्त्यावर पिनकोड लिहाच. विजापूरचं सरकारी नाव २०१४ पासून विजयपुरा, पण बंगळुरूजवळ देवनहळ्ळी तालुक्यातही विजयपुरा आहे. तुम्ही जाऊ शकला नाहीत आणि पार्सल दुसऱ्या कुरिअरला दिलं तर ५८६१०१ नसल्यामुळे ते थेट तिकडं जाऊ शकतं. गुलबर्गा, म्हणजे कलबुर्गी, ५८५१०१.

दोन चाकं
मोटरसायकलनेच जा ओ, टोल नाही, वेळ आपल्या हातात. चार लिटरात जाऊन येऊन होतं.

कापडगल्ली
@दोन चाकं, हिशेब बरोबर आहे, पण पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी, गाडीवर भाड्याने माल नेणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते. स्वतः गावात जाण्यापुरती गाडी ठीक. रोजचा धंदा करायचा तर एसटी-रेल्वे, नाहीतर पिवळ्या पाटीचा छोटा टेम्पो. एकूण वजन ३,००० किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही, फिटनेस आणि विमा मात्र लागतो.

औषधपेटी
काय घेऊ नये, ते मी सांगतो. गुटखा, पानमसाला, सुगंधी सुपारी: महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तिकडून इकडे येणारा हा माल सोलापूर हद्दीत सारखा पकडला जातो. दारू नाही. सोनं नाही. रोख रक्कम नाही. एका दिवसात एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकराच्या नियमात बसतच नाही, आणि आचारसंहिता लागली की कागदाशिवाय ५०,००० च्या वर रोख सापडली तर जप्त होऊ शकते. ‘भाऊला एवढे पैसे दे’ म्हणणाऱ्याला यूपीआय शिकवा.

सीलबंद खोकं घेऊ नका. समोर उघडायला लावा, बघा, मग तुमच्या समोर टेप लावायची आणि टेपच्या जोडावर दोघांनी सही करायची. कर्नाटकाच्या पोलिसाने ‘इदराग एन ऐती?’ (यात काय आहे?) म्हणून विचारलं की ‘माहीत नाही, फक्त पोचवतोय’ हे उत्तर चालत नाही, आत काय आहे ते सांगता आलं पाहिजे.

औषधांना चिठ्ठीची छापील प्रत सोबत पाहिजे, पेशंटचं नाव, तारीख, आणि गोळ्या चिठ्ठीत लिहिल्या तेवढ्याच. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल असलं काही असेल तर जास्त जपा, ती अमली पदार्थांच्या कायद्यात येतात. चिठ्ठी नसेल तर घेऊच नका, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. सोलापूरच्या मे महिन्यात लोक बर्फावर ठेवून नेतात आणि तिथंच ते वाया जातं, कारण गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि दिसायला तसंच दिसतं. रुंद तोंडाचा थर्मास घ्या, तळाला जेल पॅक, त्यावर दुहेरी घडीचा नॅपकिन, मग इन्सुलिनचा पुठ्ठ्याचा डबा, वर अजून एक नॅपकिन. पॅकला डबा चिकटता कामा नये. बसमध्ये बॉनेटजवळ ठेवू नका. रक्त-लघवीचे नमुने लॅबने स्वतःच्या डब्यात बंद करून दिल्याशिवाय घेऊ नका.

जुना विजापूर नाका
लई उपयोगी सांगितलंत. कचेरीच्या कागदांचं आणि दराचं कुणीतरी सांगा.

कापडगल्ली
कागदांसाठी आधी वार बघा. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्या फेब्रुवारी २०२० पासून सगळे शनिवार बंद, कर्नाटकात दुसरा आणि चौथा शनिवार बंद. म्हणजे पहिल्या-तिसऱ्या शनिवारी विजापूरची कचेरी उघडी आणि सोलापूरची बंद. १ नोव्हेंबरला तिकडे राज्योत्सवाची सुट्टी, इकडे कामकाज. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मार्गावरचे रस्ते बंद असतात, त्या दिवसांत सोलापुरातली उचल सकाळी लवकर करा.

दुसऱ्याच्या नावाचा दाखला आणायचा तर त्याचं सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत न्या. विजापूरच्या जमिनीच्या कागदाला इथला स्टॅम्प पेपर विकत घेऊन नेऊ नका, तिथलं मुद्रांक शुल्क तिथंच भरावं लागतं. आपला सात-बारा तसा तिकडे पहाणीचा उतारा, त्याच नावाने मागा. मूळ खरेदीखत शक्यतो घेऊच नका. हरवलं तर भरून देता येत नाही.

दर असा लावा. येण्या-जाण्याचं भाडं अधिक दिवसाची मजुरी, भागिले चार. चार कामं मिळाली नाहीत तरी प्रत्येकाला तेवढाच दर सांगायचा. पहिला महिना तोटा होईल, पण दर रोज बदलला तर गिऱ्हाईक दर वेळी घासाघीस करतं. थांबण्याचा आकार वेगळा: पहिला अर्धा तास फुकट, पुढे तासावर. दवाखान्यात रिपोर्टसाठी आणि कचेरीत सहीसाठी तास-तास जातात, ते आधीच बोललं नाही की वाद तिथंच होतो.

कार्बनचं पावतीबुक ठेवा. क्रमांक, देणारा, घेणारा, आत काय ते डोळ्यांनी बघून, सांगितलेली किंमत, हेलपाट्याचा आकार, ‘नुकसानभरपाई जास्तीत जास्त अमुक रुपये’, आणि देणाऱ्याची सही. पोचल्यावर दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याची सही आणि वेळ, त्याचा फोटो दोघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर.

औषधपेटी
एक राहिलं. घेणारा घरी नसला तर शेजाऱ्याकडे ठेवू नका. देणाऱ्याला फोन, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी सांगितलं तरच शेजारी, नाहीतर माल परत आणि परतीचा निम्मा आकार. हे पावतीबुकाच्या मागे छापूनच घ्या, कानडीतही.