आखातात जाणाऱ्या कुटुंबांसाठी : चर्चचे दाखले, मिस्साचा वार आणि मुलांचं धर्मशिक्षण

निर्मळची वाट (प्रश्न)

नमस्कार. वसईतल्या आमच्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) दुबई, अबू धाबी, कुवेत, दोहा इथं नोकरीला जाणाऱ्या कुटुंबांच्या हाती देण्यासाठी एक पानभर माहिती तयार करायची आहे. व्हिसा, शाळा, घरभाडं यांची माहिती सगळीकडे मिळते. चर्चविषयी मात्र जो तो ऐकीव सांगतो. निघण्यापूर्वी धर्मग्रामाच्या कार्यालयातून काय काय घ्यावं? रविवारची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) नक्की कोणत्या वारी? बाळाचा बाप्तिस्मा तिथं करावा की सुट्टीत गावी? आणि इमारतीतली आठ-दहा मराठी कुटुंबं घरी जपमाळेला जमली तर चालतं का? नियम ठाऊक असलेल्यांनी नेमकं लिहावं.

खारवारा

कागदांपासून सुरू करतो, कारण पुढची बरीचशी अडचण तिथंच उगवते.

आखातातल्या चर्चमधला जवळजवळ प्रत्येक माणूस परदेशी आहे. नोकरी संपली की तो परततो किंवा पुढच्या देशात जातो. त्यामुळे तिथल्या धर्मगुरूंना तुम्हाला ओळखणारं कोणी भेटत नाही, ओळख फक्त कागदाची. घरातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला, नवराबायकोचा चर्चचा विवाह दाखला, मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचा (कम्युनियन) आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशन) दाखला, आणि धर्मशिक्षणाची कितवी इयत्ता पूर्ण झाली याचं धर्मग्रामप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र, एवढं बरोबर हवंच. पत्राशिवाय मूल मधल्या इयत्तेत घेताना अडवलं जातं, आणि ख्रिस्तप्रसादाच्या तयारीचं वर्ष वाया जातं. तिथले धर्मशिक्षणाचे वर्ग साधारण सप्टेंबरला सुरू होतात, आपल्यासारखे जूनला नाहीत. जानेवारीत पोचलेल्या कुटुंबाने हे आधीच विचारून ठेवावं.

दाखले घेताना स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्या आडनावांत हा घोळ हमखास असतो. डिमेलो, डिसोजा यांत एका कागदावर वरचा स्वल्पविराम, दुसऱ्यावर मोकळी जागा, तिसऱ्यावर सगळं जोडून. लोपीस आणि रॉड्रिग्ज यांच्या शेवटी कुठे एस, कुठे झेड. नोंदवहीतली दुरुस्ती ज्या धर्मग्रामात नोंद आहे तिथंच होते, म्हणून ती निघण्यापूर्वी करावी.

आणखी एक. पत्नीच्या व्हिसासाठी चर्चचा विवाह दाखला पुढे केला तर अटेस्टेशन (सरकारी साक्षांकन) अडकू शकतं. महापालिकेचा किंवा निबंधकाचा विवाह नोंदणी दाखला काढा. ओमान, बहरीन आणि सौदी एपोस्टिल करारात (एकमेकांचे कागद मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आहेत, तिथं एका शिक्क्यावर भागतं. अमिराती, कुवेत आणि कतारसाठी राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाची वकिलात अशी साखळी लागते.

ऊदमेथा

मिस्साच्या वाराबद्दल. अमिरातींत 2022 च्या जानेवारीपासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवार अर्धा दिवस. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस. कुवेत, कतार, बहरीन, ओमान आणि सौदीत अजून शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी कामाचा दिवस. म्हणून आखातातल्या चर्चमध्ये सर्वाधिक गर्दी शुक्रवारी होत आली आणि रविवारची वाचनं शुक्रवारीच होत आली. अमिरातींत आता ती गर्दी शनिवार संध्याकाळ आणि रविवारकडे सरकली.

कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) कलम 1248 प्रमाणे रविवारचं कर्तव्य रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी पूर्ण होतं, आणि कोणत्याही कॅथलिक रीतीच्या (लॅटिन, सिरो-मलबार अशा उपासना-परंपरेच्या) मिस्साने होतं. मल्याळम मिस्साला बसलात तरी ते पूर्ण झालं. शुक्रवारच्या मिस्साबद्दल त्या त्या देशातल्या बिशपांची सूचना पाहावी. एका देशातलं दुसऱ्यात लागू नाही. (अमिराती, ओमान, येमेन दक्षिण अरबस्तानात, कुवेत, कतार, बहरीन, सौदी उत्तर अरबस्तानात. दोन वेगळे बिशप.) दुकानात किंवा बांधकामावर असलेल्यांना आठवड्यात एकच सुट्टी, तीही फिरती. त्यांच्यासाठी भल्या पहाटेच्या आणि रात्रीच्या मिस्सा असतात. तुमच्या पानात ही गोष्ट ठळक छापा, कारण अशी माणसं 'सुट्टीच नाही' म्हणून हळूहळू तुटतात.

नाताळला तिथं सार्वजनिक सुट्टी नाही, गुड फ्रायडेची वेगळी सुट्टीही नाही (शुक्रवारी सुट्टी असलेल्या देशांत तो आपोआप सुट्टीत येतो). रजा महिनाभर आधी टाकावी. राखेचा बुधवार (उपवासकाळाची सुरुवात) आणि रमजान सध्या एकमेकांवर येत आहेत. 2026 मध्ये दोन्ही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आले. रमजानात कामाचे तास बदलतात, तशी चर्चचीही वेळ बदलते. जुनं वेळापत्रक धरून जाऊ नये.

घरच्या जपमाळेबद्दल स्पष्टच लिहितो. अमिरातींत 2023 चा कायदा क्रमांक 9 मुस्लिमेतरांच्या प्रार्थनास्थळांना परवाना बंधनकारक करतो. कुटुंबाने आपल्या घरी प्रार्थना करणं वेगळं, आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, गाणी-वाद्यं लावून, बाहेरच्यांना बोलावून सभा भरवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी चर्चच्या आवारातली खोली मागावी, धर्मग्रामप्रमुखांच्या संमतीने. मुस्लिम शेजाऱ्याला पत्रकं देणं, धर्माविषयी आग्रह धरणं अजिबात नको. सौदीत चर्चच नाही. तिथं प्रार्थना घराच्या चार भिंतींत.

त्याहून जास्त लोक अडकतात ते वर्गणीत. गावच्या सणासाठी, कपेलच्या (लहान प्रार्थनामंदिराच्या) दुरुस्तीसाठी व्हॉट्सॲपवर पैसे गोळा करायची आपली सवय. अमिरातींत 2021 च्या देणगी कायद्याने परवाना नसलेल्या व्यक्तीला किंवा गटाला देणगी गोळा करता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. ज्याला द्यायचं त्याने स्वतःच्या खात्यातून गावच्या धर्मग्रामाला थेट पाठवावं.

पाणंद

बाप्तिस्म्यावर माझं मत लिहिते. कॅनन लॉचं कलम 867 सांगतं, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत करा. वार्षिक सुट्टीची वाट पाहत दीड वर्ष घालवणं बरोबर नाही. पण तिथं केला तर काय होतं हेही समजून घ्या. नोंद जिथं बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या वहीत, आणि ती कायमची. पंचवीस वर्षांनी मुलीचं लग्न वसईत ठरलं की सहा महिन्यांच्या आतला नवा दाखला लागतो, तोही समासातल्या शेऱ्यांसह (दृढीकरण, विवाह यांच्या नोंदींसह). तो दुबईहूनच मागवावा लागणार. बाप्तिस्म्याच्या वेळीच वहीचा क्रमांक आणि पान लिहून घेतलं तर पुढे खूप हेलपाटे वाचतात.

उलट दिशेचा घोटाळा जास्त होतो. मूल बाप्तिस्मा घेतलेलं वसईत, दृढीकरण झालं अबू धाबीत. ती बातमी मूळ वहीत पोचायला हवी, कलम 895. टपालाने गेलेलं पत्र पोचतंच असं नाही. दाखल्याची प्रत घ्या आणि सुट्टीत स्वतः कार्यालयात नेऊन शेरा मारून घ्या. विवाहाचंही तेच.

धर्मपिता किंवा धर्ममाता सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती हवी. मामा वसईत असेल तर आखातात त्याचा प्रतिनिधी उभा राहू शकतो, वहीत नाव मामाचंच. शिवाय बाळाचा जन्म भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत नोंदवा. तिथलं नाव आणि बाप्तिस्म्याचं नाव एकच ठेवा.

सुट्टीत गावी लग्न करणाऱ्यांनी तीन-चार महिने आधी हालचाल करावी. रजा महिनाभराची आणि चर्चमधली लग्नाची घोषणा तीन रविवारी. पूर्वतयारीच्या वर्गाचं प्रमाणपत्र आणि तिथल्या धर्मग्रामाचं 'लग्नास हरकत नाही'चं पत्र आधीच आणा. अबू धाबीच्या न्यायालयात मुस्लिमेतरांसाठी नागरी विवाह होतो, तो कायद्याने ग्राह्य. कॅथलिक संस्कार म्हणून मात्र धरला जात नाही.

निर्मळची वाट

खूप उपयोगी, आभार. दोन शंका उरल्या. पत्नी वसईची, पती केरळचा सिरो-मलबार (केरळची वेगळी कॅथलिक रीत), अशी जोडपी वाढली आहेत. त्यांच्या मुलांचं काय? आणि प्रोटेस्टंट मराठी कुटुंबांना काय सांगावं?

पाणंद

दोन्ही पालकांनी मिळून लॅटिन रीत (वसईत चालते ती) ठरवली तर मूल लॅटिन. एकमत नसेल तर वडिलांची. वर्षानुवर्षं लॅटिन मिस्साला गेल्याने रीत बदलत नाही. कॅनन लॉच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर बाप्तिस्म्याच्या वहीत रीतीची नोंद करणं आवश्यक आहे, ती झाली का पाहा. सिरो-मलबार रीतीत बाप्तिस्म्याबरोबरच दृढीकरणाचं तैलाभ्यंगही होतं. असं मूल आठवी-नववीत वर्गमित्रांबरोबर दृढीकरणाच्या यादीत जातं, आणि हा संस्कार दुसऱ्यांदा देता येत नाही. दाखला नीट वाचला तर मुलाला शेवटच्या आठवड्यात यादीतून काढायची पाळी येत नाही.

खारवारा

प्रोटेस्टंटांसाठी : चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन परिवारात आहे, म्हणून पाळकांचं सभासदत्वाचं पत्र घेऊन अँग्लिकन चर्चकडे जावं. दुबईत होली ट्रिनिटी, अबू धाबीत सेंट अँड्रूज; दोन्ही सायप्रस आणि आखाताच्या धर्मप्रांतात. या आवारांत वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या तासांच्या हिशेबाने सभागृह वापरतात.

मराठी मिस्सा हवी असेल तर तोच हिशेब कॅथलिक चर्चमध्येही. कोकणी आणि मल्याळमला माणसं आणि धर्मगुरू दोन्ही आहेत. मराठीसाठी अर्ज करताना कुटुंबांची यादी, मराठीत मिस्सा अर्पण करू शकणाऱ्या धर्मगुरूंचं नाव, गायनवृंद, आणि मराठी मिस्साग्रंथ व वाचनग्रंथाच्या प्रती हे सगळं जोडावं. दर आठवड्याची मागणी करू नका, वेदी रिकामी नसते. महिन्यातून एकदा, कमी गर्दीच्या वेळेला मागा. प्रती वसईहून सामानात न्याव्या लागतील. प्रत्येक कुटुंबाने एकेक नेली तर वजनही वाटलं जातं.