कबाडीकडचे वजनावर घेतलेले स्क्रू: एम३ वेगळे कसे काढायचे?

प्रश्न (इंदूर)
जुन्या कॉम्प्युटर-प्रिंटरमधून निघालेले बारीक मशीन स्क्रू कबाडीकडून वजनावर घेतले आहेत. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सर्किट बोर्ड आणि छोटी गिअर मोटर बसवायची आहे. पट्टीत २.५ मिमी भोक पाडून एम३ चा (३ मिमी स्क्रूचा) टॅप मारून आटे पाडले, पण बरेच स्क्रू दोन फेरे जाऊन अडकतात. आटे खराब आहेत की माप वेगळं?

उत्तर १
बहुधा माप वेगळं. जोर लावू नका, ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. अशा भंगारात तीन जाती मिसळलेल्या असतात: एम३ (व्यास ३, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर ०.५ मिमी) आणि इंची मापाचे ६-३२ (३.५ आणि ०.७९) व ४-४० (२.८ आणि ०.६३५). कॅबिनेट आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कचे बहुधा ६-३२. अडीच इंची डिस्क, डीव्हीडी ड्राइव्हचे एम३. व्हीजीए सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे षटकोनी खांब ४-४०. ६-३२ तुमच्या भोकात शिरणारच नाही. दोन फेऱ्यांनी अडकतो तो ४-४० असणार.

व्यास मोजायच्या नुसत्या व्हर्निअरवर विसंबू नका, एम३ आणि ४-४० मध्ये फरक जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटरचा. सियागंज बाजारातून एक नवा एम३ स्क्रू आणि नट आणा. नव्या आणि जुन्या स्क्रूचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. दात पूर्ण बसले, मधून उजेड दिसला नाही, तर पिच एकच. मग नवा नट जुन्या स्क्रूवर बोटाने शेवटपर्यंत फिरायला हवा. मध्ये अडला तर तो स्क्रू सरळ फेकून द्या.

उत्तर २
डोकीही तपासा. जपानी प्रिंटरच्या स्क्रूवर खाचेशेजारी एक बारीक ठिपका असेल तर ती खाच जेआयएसची, म्हणजे जपानी मानकाची. फिलिप्सचा (नेहमीचा चौफुलीचा) पेचकस तिच्यात तळापर्यंत बसत नाही, निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. साध्या एम३ ला पीएच१ (फिलिप्स १ नंबर) पेचकस लागतो. धुवायला रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरे. ॲसिडमध्ये टाकू नका, जस्ताचा थर जातो आणि आठवड्यात गंज चढतो. आट्यांवर स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेला निळा पट्टा असेल तर त्याची पकड पहिल्या वापरात बरीच गेलेली असते. मोटरला स्प्रिंग वॉशर घाला.

प्रश्नकर्ता
पट्टी २ मिमीची आहे. चालेल?

उत्तर १
मोटरसाठी नाही. ०.५ पिचने तिच्यात जेमतेम ४ आटे येतात; ॲल्युमिनियममध्ये निदान दीड व्यास, म्हणजे ४.५ मिमी पकड हवी. बोर्ड हलका, त्याला हे आटे चालतील. मोटरच्या पुढच्या तोंडाला आटे असतील तर पट्टीत ३.२ मिमीचं आरपार भोक पाडा. स्क्रूची लांबी पट्टी, वॉशर आणि मोटरच्या भोकाची खोली यांच्या बेरजेपेक्षा अर्धा मिमी कमीच ठेवा. लांब स्क्रू आत गिअरला टेकला की मोटर जाम होते. शंका आली तर एक जादा वॉशर घाला.