बाकल्यावर काळा मावा, आणि झाडं ऐन फुलोऱ्यात. फवारू का?

बाकला, म्हणजे ब्रॉड बीन, पहिल्यांदाच लावलाय. झाडं कमरेपर्यंत आलीत, खालच्या पेरांवर शेंगा धरायला लागल्यात, वर मात्र शेंडे बघवत नाहीत. काळा मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, इतकी गच्च बसलीय की कोवळं देठ दिसत नाही. पानं चिकट झालीत आणि मुंग्यांची ये-जा अखंड चालू आहे.

सगळे कडुनिंबाचं तेल मारायला सांगतात. पण फुलांवर दिवसभर मधमाश्या असतात, त्यांचं काय? शिवाय काही पानांच्या कडांना अर्धगोल खाचा पडल्यात, पानांवर अळी मात्र एकही नाही. रासायनिक औषध नकोच आहे.

प्रतिसाद १
शेंगा धरल्यात ना? मग आधी शेंडे खुडा. वरचा चार बोटं भाग माव्यासकट काढायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा. माव्याला कोवळा रस हवा असतो, शिवाय खुडल्यावर झाडाची ताकद शेंगांकडे वळते. उरलेला मावा पाण्याच्या धारेने पाडा, तेही सकाळीच. पानं रात्रभर ओली राहिली तर चॉकलेटी ठिपक्यांची बुरशी येते, दाट लावलेल्या बाकल्यावर तर हमखास.

खाचा सोंडकिड्याच्या. चाहूल लागताच तो खाली पडून लपतो, म्हणून सहज सापडत नाही. मोठ्या झाडांचं त्याने फारसं बिघडत नाही, सोडून द्या. आणि युरिया वगैरे घालत असाल तर थांबवा. द्विदल पीक आहे, मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळतं. जास्तीच्या नत्राने लुसलुशीत वाढ होते आणि मावा तिथेच येतो.

धागाकर्ता
खुडायला घेतले. माव्यातच एक काळपट अळी दिसली, अंगावर नारिंगी ठिपके, चिमुकल्या सुसरीसारखी. चिरडू?

प्रतिसाद २
अहो, थांबा! ते ढालकिड्याचं, म्हणजे लेडीबर्डचं पिल्लू आहे, मावा खाऊनच वाढतं. असला शेंडा खुडू नका, किंवा पिल्लू अलगद दुसऱ्या झाडावर सोडा. बंदोबस्त मुंग्यांचा करा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. बुंध्याजवळची त्यांची वाट मोडा.

एवढं करूनही मावा वाढलाच तर कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात ५ मिली, सोबत साबणाचे दोन-चार थेंब. मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी, फुलं टाळून, फक्त मावा असेल तिथे मारा. ढालकिड्याची पिल्लं असलेली झाडं मात्र वगळा.