मदत हवी आहे: नववीच्या मुलांना अक्षय ऊर्जा शिकवायची आहे, तीही ऐन पावसाळ्यात

नमस्कार मंडळी,

कळव्यातल्या एका अभ्यासिकेत ऑगस्टमधल्या शनिवारी मराठी माध्यमाच्या नववीतल्या मुलांना अक्षय ऊर्जेची ओळख करून द्यायचं काम मी घेतलं आहे. मी अभियंता आहे, शिकवण्याचा अनुभव बेताचा. इथे विज्ञान शिकवणारे आणि वीज क्षेत्रात काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

मुलांना ऊर्जास्रोतांची यादी तोंडपाठ आहे. सौर, पवन, जल, जैव, भूऔष्णिक, सागरी, सगळं एका दमात म्हणून दाखवतात. पण एक युनिट वीज म्हणजे किती, हे विचारलं की वर्ग गप्प. यादीत भर घालायला मला जायचंच नाही. आकडा हातात घेऊन या पोरांना स्वतःचे प्रश्न सोडवता यावेत, एवढं मनापासून वाटतं.

आणि प्रश्न त्यांच्याकडे आहेत! ओळखीच्या तासालाच एकाने विचारलं, "ताई, बिल्डिंगच्या टाकीतलं पाणी खाली येतंच ना, मग पाइपात टर्बाइन बसवलं तर फुकट वीज मिळेल की." लगेच फळ्यावर हिशोब मांडला. सात मजले म्हणजे धरा २१ मीटर. हजार लिटरची टाकी तेवढ्या उंचीवरून रिकामी केली तर सुमारे २ लाख ज्यूल मिळतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे अख्ख्या टाकीवर, काहीच वाया गेलं नाही असं धरलं तरी, ९ वॅटचा एलईडी बल्ब सहा तास चालेल. शिवाय पाणी वर चढवायला पंपाने त्याहून जास्त वीज आधीच खाल्लेली असते.

तीच टाकी पाचशे मीटरवरून सोडली तर? तेव्हा घट वजा जाऊनही एक युनिटच्या थोडी वर वीज मिळते. खोपोलीला टाटांनी १९१५ मध्ये हेच केलं. लोणावळ्याकडच्या तलावांत पावसाचं पाणी अडवायचं, नळांतून घाटाखाली सोडायचं, आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची. वर पाणी चढवायला पंप लागत नाही, ते काम ऊन आणि मान्सून करतात. वापरलेलं पाणी पुढे पाताळगंगेत जातं. ज्या गावाची लोकल रोज ठाण्यावरून जाते तिथे शंभरावर वर्षं अक्षय ऊर्जा तयार होते आहे, हे एकाही मुलाला ठाऊक नव्हतं.

त्या मुलाची टाकी मला वाया घालवायची नाही. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात १५० मेगावॅटचा एक संच आहे, तो मागणी कमी असताना खालचं पाणी उलट वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज देतो. वीज साठवायची ही पद्धत टाकीवरून छान समजेल असं वाटतं. कुणी हा भाग शाळेत शिकवला असेल तर कसा शिकवलात, जरूर लिहा. माझी भीती अशी की "जास्त वीज खर्चून कमी परत मिळते, मग करायचंच कशाला?" इथेच मुलं अडकतील.

आता खरी अडचण, सौरऊर्जेची. लॅमिंग्टन रोडवरून ६ व्होल्टचं छोटं पॅनेल आणलं आणि ढगाळ दुपारी खिडकीत धरून पाहिलं. मल्टिमीटरवर व्होल्टेज बऱ्यापैकी दिसतं, पण खेळण्यातली मोटर जोडली की हलतसुद्धा नाही. ढगांमुळे व्होल्टेज थोडंच पडतं, करंट मात्र पार कोसळतो. हे मुलांनी स्वतः मोजावं असं फार वाटतं, कारण पॅनेल "चालू" असणं आणि त्याने काम करणं यातला फरक इथे डोळ्यांना दिसतो. पण मोटर फिरताना दिसली नाही तर चौदा वर्षांच्या मुलांचा उत्साह किती टिकेल? हॅलोजनच्या दिव्याखाली प्रयोग करावा म्हणते. किती वॅटचा दिवा, किती अंतरावर, पॅनेल फार तापू नये म्हणून काय करता, हे अनुभवातून कुणी सांगेल का?

दुसरा प्रश्न विटाव्याच्या एका मुलीचा. "खाडीला भरती तर ढग असले तरी येते. मग आपल्या खाडीवर वीज का नाही?" माझं उत्तर असं: बांध घालून अडवलेल्या पाण्यातली ऊर्जा भरती-ओहोटीच्या पातळीतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते (फरक दुप्पट तर ऊर्जा चौपट). फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून २४० मेगावॅटचं केंद्र चालू आहे, तिथे सरासरी फरक ८ मीटरच्या आसपास. आपल्याकडे सरासरी त्याच्या निम्माही नाही, म्हणजे तेवढ्याच जागेत ऊर्जा पाव हिश्शाहून कमी. वर गाळ, खारफुटी आणि फ्लेमिंगो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिथे बांध घालणं मला स्वतःला अजिबात पटत नाही. भारतात अशा विजेसाठी खंभात आणि कच्छच्या आखातांचं नाव घेतलं जातं ते तिथे भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे म्हणून. यावर ती म्हणाली, "बांध नको, पुलाखाली वाहत्या पाण्यात पंखा सोडू." बरोबर बोलली! पण त्यासाठी खाडीतल्या प्रवाहाचा वेग हवा. कळवा किंवा वाशी पुलापाशी तो कुणी मोजलाय का? मुलांनी पुलावरून मोजायची सुरक्षित पद्धत असेल तर तीही सुचवा.

वज्रेश्वरीची गरम कुंडं आणि तारापूरचं अणुवीज केंद्र हेही घेणार आहे. कुंडात बरीच मुलं उतरलेली आहेत, त्यामुळे टर्बाइनसाठी याहून कितीतरी जास्त उष्णता लागते हे पटायला वेळ लागणार नाही. तारापूरची वीज कोळशाचा धूर करत नाही, पण युरेनियम खणूनच काढावं लागतं, म्हणून ती अक्षय नव्हे. एवढं पुरे.

सगळ्यात जास्त मदत हवी आहे ती आकड्यांची. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांची झाली, ही बातमी मुलांनी वाचली आहे. त्यांना वाटतं निम्मी वीजही तशीच येते. प्रत्यक्षात अजून बहुतांश वीज कोळशाची आहे. १ किलोवॅटचं पॅनेल दिवसाला २४ नाही, साधारण ४ युनिट देतं, आणि पावसाळ्यात त्याहून कमी, हे त्यांना आपल्याच भागातल्या गच्चीवरून दाखवायचं आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, कुठेही तुमच्या सोसायटीवर सोलर असेल तर इन्व्हर्टरच्या अॅपमधले महिन्यामहिन्याचे युनिट आणि एकूण किलोवॅट, एवढंच इथे लिहाल का? सोसायटीचं नाव नको. मे आणि जुलैचे आकडे तर नक्की द्या, आलेख मुलंच काढतील.