मदत हवी आहे: हॉस्पिटलचे क्वालिटीचे आकडे कसे वाचायचे?
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, दादर ते मुलुंड हॉस्पिटलं बघतोय. एनएबीएचचा (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) बोर्ड बऱ्याच ठिकाणी दिसतो पण त्यावरून आईला काय कळणार? एका लॉबीत इंग्रजी तक्ता होता, कॅथेटर इन्फेक्शन दर १००० कॅथेटर दिवसांमागे, म्हणजे ज्यांना नळी लावलीय त्या सगळ्या पेशंटना ती जितके दिवस होती त्या दिवसांची बेरीज, हे सिस्टरनी सांगितलं म्हणून समजलं, बाकी नातेवाईक बिचारे बघून पुढे जातात. शिवाय गंभीर पेशंट जास्त घेणाऱ्यांचे आकडे वाईटच दिसणार ना, मग तुलना कशी करायची? गुडघ्यासाठी काय विचारू, १०० ऑपरेशनमागे जखमेत इन्फेक्शन किती, परत ऍडमिट किती? कुणी विचारून आकडे मिळवलेत का? साध्या मराठीत तक्ता असेल तर प्लीज पाठवा, सोसायटीतल्या ज्येष्ठांनाही देईन.