शिकारीत चुकून माणसाला गोळी लागू नये म्हणून बंदुकीवरच काही बसवता येईल का?

सर्किटवाला:
मंडळी, गेल्या मोसमात माझ्या आतेभावाच्या खांद्यात छर्रे घुसले. मारणारा त्याच्याच गटातला, जुना दोस्त. पक्षी उडाला, हा त्याच्यामागे नळी फिरवत गेला आणि चाप ओढला तेव्हा त्या रेषेत भाऊ उभा होता. वाचला, पण एक छर्रा अजून आत आहे, थंडीत ठणकतो. तेव्हापासून डोक्यात एकच, प्रत्येकाच्या जॅकेटवर रेडिओ टॅग, बंदुकीवर रिसीव्हर, नळीसमोर टॅग आला की चाप लॉक. जमेल का?

मचाण_७२:
भावाला जपा. आधी साधं विचारतो, फ्लोरोसंट नारिंगी जॅकेट होतं का अंगात? हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसतच नाही, त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन, त्यामुळे सावज बुजेल ही भीती सोडा. फक्त जॅकेट धुवून आणि उन्हात वाळवून विटतं. जुनं नि नवं संध्याकाळी झाडाखाली शेजारी धरून बघा, जुनं पाचोळ्यात मिसळून जातं. मी तसं बघितलं आणि माझं त्याच दिवशी टाकून दिलं.

निळावंती:
रेडिओवर काम करते म्हणून सांगते, अडचण दिशेची आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, बंदुकीवर मावेल एवढ्या अँटेनाने अरुंद रेषा पकडता येत नाही, शिवाय टॅग आणि बंदूक यांच्या मधे त्या माणसाचंच अंग आलं की त्याचंच शरीर सिग्नल खातं. जीपीएस घ्याल तर दाट झाडीत दहा मीटर सहज चुकतो, चाळीस मीटरवरच्या माणसासाठी ती जवळजवळ १४ अंशांची चूक झाली, आणि पोलादी नळीजवळ डिजिटल होकायंत्रही भरकटतं.
पण मला खरी धास्ती वेगळीच वाटते. दुसऱ्या महायुद्धापासून विमानांत आपला-परका ओळखायची यंत्रणा आहे, त्यात उत्तर आलं तर आपला हे कळतं, उत्तर नाही आलं म्हणजे शत्रूच असं नाही. रानात आळंबी गोळा करणाऱ्या बाईकडे कुठला टॅग असणार?

पायवाट:
मग थर्मल कॅमेरा? उष्णता तर सगळ्यांचीच दिसते की.

मचाण_७२:
दिसते, पण दाट पानांआडची नाही. आणि वाकलेला माणूस नि रानडुक्कर लांबून सारखेच पांढरे ठिपके दिसतात. घ्यायचाच तर हातात धरायचा वेगळा घ्या, बंदुकीवर बसवलात की "कोण आहे" हे बघायला तुम्ही त्याच्यावरच नळी रोखणार, याच्यासारखी वाईट सवय नाही! आणि सावजामागे काय आहे ते कुठला सेन्सर सांगणार, पॉइंट टू-टू रायफलची चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. मागे मातीचा उंचवटा नसेल तर मी चापावर बोटच नेत नाही.

सर्किटवाला:
निळावंतीताई, आळंबीवाल्या बाईचा मुद्दा रात्रभर डोक्यातून गेला नाही. माझ्या डिझाइनमध्ये "समोर कोणी नाही" दाखवणारा हिरवा दिवा होता, तो काढून टाकला, लॉकही काढलं. आता गटातला कुठलाही टॅग जवळपास असला, मग दिशा कुठलीही असो, की पुढच्या हाताखाली मोटर थरथरेल, बस्स. जाड हातमोज्यातून ती थरथर जाणवेल का, कोणी करून बघितलंय?