ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी पिवळा दिवा पुन्हा पेटला: तुमचा अनुभव सांगा

मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या गाडीवाल्यांना विनंती. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजणारा भाग. त्याचा फॉल्ट आला की डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. हा फॉल्ट ज्यांच्या गाडीत पुन्हा पुन्हा आला, त्यांनी इथं सविस्तर लिहा. कोड कुठला होता, काय काय तपासलं आणि दोष शेवटी कुठं सापडला, हे तरी नक्की सांगा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर कोड दिसला की सेन्सर बदला म्हणतात. पण कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. पार्ट खराब आहे की वायर, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

माझ्यापासून सुरू करतो. पेट्रोल गाडी, कोड पी ०१३५, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या सेन्सरचं हीटर सर्किट. हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. हीटर बंद पडला की इंजिन जास्त वेळ अंदाजानंच पेट्रोल सोडतं. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्याला ते मायलेजमध्ये लगेच जाणवतं. नवा सेन्सर बसवला, दिवा गेला. बेळगावात काही त्रास नाही, पण जांबोटीवरून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलो आणि खड्डे सुरू झाले की दिवा हजर.

ओळखीच्या वायरमन मामांनी सेन्सरला हातच लावला नाही. कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढला, इंजिन चालू ठेवून गाडीच्या बाजूच्या हीटर वायरीवर मीटर धरलं. बारा व्होल्टच्या वर सप्लाय बरोबर. मग एका हातानं वायरिंग हलवत हलवत मागं सरकले, आणि एका जागी मीटर शून्यावर आलं. क्लिप तुटल्यामुळं वायर सायलेन्सरच्या पत्र्याला टेकली होती. वरचं रबर वितळलेलं, आत तांब्याच्या दोनचार तारा कशाबशा शिल्लक. तेवढा तुकडा बदलला, उष्णता सोसणारी स्लीव्ह घातली, नवी क्लिप मारली. त्यानंतर कोड आलेला नाही.

खानापूर:
दादा, माझा कोड वेगळा. पी ०१७१, मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. सेन्सर बदलायची तयारी झाली होती, पण शेजारचे काका म्हणाले, सकाळी गार इंजिन चालू कर आणि कान देऊन ऐक. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डजवळ बारीक फट्-फट् आवाज येत होता, गाडी तापली की बंद. बघितलं तर जॉइंटला काजळी धरलेली, पॅकिंग गेलेलं. सेन्सरच्या आधी अशी फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो. म्हणजे सेन्सर खरंच सांगत होता. पॅकिंग बदललं, मायलेज परत आलं.

निपाणी:
आमच्याकडं ऊसतोडणी सुरू झाली की शेतातले उंदीर गाड्यांत शिरतात. सेन्सरची सिग्नल वायर कुरतडली होती. थोडक्यात काम झालं. बॉनेट उघडून आधी बघा, एवढंच सांगतो.

उद्यमबाग, बेळगाव:
मी या कामातलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि फोनवर ग्राफ बघा. साध्या झिरकोनिया सेन्सरमध्ये गरम इंजिनवर पुढच्या सेन्सरची रेषा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखी वरखाली नाचली पाहिजे. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरची रेषा बरीचशी स्थिर असते. मागचीही पुढच्यासारखीच नाचायला लागली तर संशय कन्व्हर्टरवर घ्या, तिथं पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) येतो आणि लोक उगाच मागचा सेन्सर बदलतात. पुढची रेषा खालीच चिकटून बसली, तर इनटेकच्या पाइपजवळ थोडा वेळ एलपीजी सोडून बघतात. रेषा झटकन वर गेली तर सेन्सर जिवंत आहे, दोष दुसरीकडं. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या, आगीचा धोका आहे. काही नव्या गाड्यांत पुढं वाइडबँड (मिश्रणाचं प्रमाण जास्त बारकाईनं मोजणारा) सेन्सर असतो, त्याला हे व्होल्ट लागू नाहीत.

हीटरचा रोध मोजायचा तर इंजिन गार असताना मोजा. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन बहुतेक हीटरच्या असतात. मीटर रोधाचा आकडाच दाखवत नसेल, म्हणजे सर्किट मध्येच तुटलेलं (उघडं) दिसत असेल, तर हीटर खरंच गेला. तेव्हा सेन्सर बदलायला हरकत नाही. पण त्याआधी फ्यूज बघा.

चिक्कोडी:
माझ्या गाडीत नवा सेन्सर लवकर खराब व्हायचा. इंजिन ऑइल जळत होतं, त्याची राख टोकावर बसायची. ऑइल जळणं बंद केल्यावर सेन्सर टिकला. इंजिनच्या कामात साधा सिलिकॉन सीलंट वापरला तरी सेन्सर मरतो, सेन्सरला चालणारा वेगळा मिळतो, तो मागून घ्या.

बेळगाव, पुन्हा मी:
चिक्कोडीकर, ऑइलचं हे फार उपयोगी पडेल. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल सुरू झाल्यापासून जुन्या गाडीत पी ०१७१ कुणाला आला असेल तर फ्युएल ट्रिमचे (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-कमी करतो त्याचे) आकडे टाका. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळं कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम अधिककडं सरकतं. ते किती सरकलं, आणि हवेची गळती आधी तपासली होती का, दोन्ही लिहा.